आवाज कोणता, नंबर कोणता?



अमेरिकेत अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांना दोन अनुभव असतातच: वरच्यांची धपधप ऐकण्याचा आणि खालच्यांची तक्रार ऐकण्याचा. जागा बघताना ऐटीत सांगितले जाते, "एसटीसी ५० आहे, काही ऐकू येत नाही." राहायला गेल्यावर शेजारचे बोलणे खरेच ऐकू येत नाही, पण वरची पावले मात्र मोजता येतात! मग फसवणूक झाली का? तसे नाही. नंबर खरा असतो, पण तो वेगळ्या आवाजाचा असतो.

एसटीसी म्हणजे साउंड ट्रान्समिशन क्लास (आपल्या लाल डब्याशी संबंध नाही). प्रयोगशाळेत भिंतीच्या एका बाजूला आवाज सोडतात आणि पलीकडे किती पोचला ते १२५ ते ४००० हर्ट्झमधल्या १६ पट्ट्यांत मोजतात. त्यावर एक ठरलेला आलेख बसवून एकच आकडा काढतात. ही पद्धत बोलणे, टीव्ही अशा हवेतून येणाऱ्या आवाजांसाठी चांगली आहे. लाकडी सांगाडा, दोन्ही बाजूंना एकेक ड्रायवॉल आणि मध्ये पोकळी, अशा साध्या भिंतीचा एसटीसी ३३ च्या आसपास असतो. पलीकडचे मोठ्याने बोलणे सहज ऐकू येते. ५० ला साधे बोलणे ऐकू येत नाही. पण १२५ हर्ट्झच्या खालचे यात धरतच नाहीत. सबवूफरचा बास आणि ढोलाचा घुमारा बराचसा तिथेच किंवा त्याच्या आसपास असतो.

पावलांचा हिशेब वेगळा. त्यासाठी आयआयसी, म्हणजे इम्पॅक्ट इन्सुलेशन क्लास. इथे अर्धा किलोचे पाच हातोडे असलेले यंत्र जमिनीवर सेकंदाला दहा ठोके देते आणि खालच्या खोलीत आवाज मोजतात. सहा इंची काँक्रीट स्लॅबचा एसटीसी ५० च्या वर असतो, पण नुसत्या स्लॅबचा आयआयसी ३० च्या आसपास! जाड पॅडवर कार्पेट घातले की आयआयसी ५० च्या बराच वर जातो, एसटीसी मात्र जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे कार्पेटने पावले थांबतात, भांडणे नाहीत.

यातही एक मेख आहे. आयआयसीची मोजणी १०० हर्ट्झपासून सुरू होते. लाकडी जमिनीवर अनवाणी टाचा आपटत पळणाऱ्या मुलांची धपधप बरीचशी त्याच्याही खाली असते. त्यामुळे आकडा उत्तम असूनही तक्रार खरी असू शकते.

तिसरा नंबर ओआयटीसी. हायवे, रेल्वे, विमान यांच्यासाठी तो ८० हर्ट्झपासून मोजतात. त्याच खिडकीचा ओआयटीसी सहसा एसटीसीपेक्षा काही अंकांनी कमी येतो. हायवेजवळ घर घेताना हाच विचारावा.

आम्ही आयटीवाले नुसते गिगाहर्ट्झ बघून कॉम्प्युटर घेत नाही, तसेच हेही. इंटरनॅशनल बिल्डिंग कोडमध्ये दोन घरांमधल्या भिंतीला एसटीसी ५०, आणि मजल्याला एसटीसी व आयआयसी दोन्ही ५० अशी किमान अट आहे. बांधून झाल्यावर जागेवर मोजल्यास ४५ चालतात. जुन्या इमारतींवर सहसा ही अट लागू होत नाही. म्हणून सही करण्याआधी दोन्ही आकडे विचारा, आणि ते प्रयोगशाळेतले की जागेवरचे तेही विचारा. लहान मुले असतील तर तळमजला बघा, नाहीतर मुले खेळतात तिथे जाड पॅडसकट गालिचा घाला.

आणि खालच्या शेजाऱ्याने दार वाजवले तर तो मुद्दाम त्रास देतोय असे लगेच समजू नका. आपल्याला मुलांचे हसणे ऐकू येते, त्याला फक्त ठोके.

गणपतीच्या ढोलाचा सराव? तो मात्र पार्कातच बरा, मंडळी! परवानगी काढून.