दरीतून येणारी खबर

जुलैत पाचगणीत ढग घरात येतो. खिडकीच्या फटीतून शिरतो, बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघरात जातो, मागच्या दाराने बाहेर पडतो, आणि मागे उरते ती उशांच्या अभ्र्यांतली ओल. अशाच एका दुपारी आमची दोन्ही कुत्री चिंब भिजून ओसरीवर आली. मी टॉवेल घेऊन पुढे सरसावलो, पण त्यांना टॉवेलाची गरज नव्हती. दोघांनी अंग झाडलं, भिंतीवर कमरेइतक्या उंचीपर्यंत थेंबांची नक्षी उमटली आणि दुसऱ्याच क्षणी दोघं एकमेकांच्या मानेला झोंबली.

ढगू हा दुधाळ रंगाचा लॅब्रॅडॉर, वजन तीस किलोच्या आसपास. जांभी गावठी. टेबललँड पठाराच्या पायथ्याशी सापडली तेव्हा ओंजळीत मावत होती आणि रंग थेट जांभ्या दगडाचा, म्हणून हे नाव. दोघांनी एकाच वेळी अंग झाडलं, तरी जांभीची थरथर ढगूपेक्षा जलद होती. नंतर मोबाइलवर सावकाश चित्रण करून मी ते पुन्हा पुन्हा पाहिलं. खरंच जलद होती.

यामागचं गणित २०१२ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेतल्या संशोधकांनी मांडलं. अँड्र्यू डिकरसन आणि डेव्हिड हू यांच्या गटाने उंदरापासून अस्वलापर्यंत १६ जातींचे ३३ प्राणी भिजवले आणि वेगवान कॅमेऱ्याने टिपले. लॅब्रॅडॉर सेकंदाला सुमारे साडेचार हेलकावे घेतो, उंदीर तीसेक. पाणी केसांना चिकटून राहतं ते पृष्ठताणामुळे. ते सुटायचं तर थेंबाला पुरेशा जोराने बाहेर फेकावं लागतं. देहाचा घेर मोठा असेल तर हा जोर संथ हेलकाव्यातही मिळतो. घेर लहान असेल तर मात्र वेग वाढवावा लागतो. प्रत्येक प्राणी स्वतःच्या आकाराला साधारण जुळणाऱ्या वेगाने अंग झाडतो. जांभीला हे कुणी शिकवलेलं नाही, आईपासून तर ती डोळे उघडता उघडताच दुरावली होती.

याहून थक्क करणारी आहे ती कातडी. कुत्र्याचा कणा प्रत्येक बाजूला जेमतेम ३० अंश पिळतो, पण वरची सैल कातडी त्याच्या कितीतरी पुढे, जवळपास ९० अंशांपर्यंत झेपावते. कुत्र्याच्या मानेवरची जी सैल कातडी आपण लाडाने मुठीत धरतो, ती पावसात अशी कामाला येते. एका झटक्यात निम्म्याहून जास्त पाणी उडून जातं. आणि ते उडायलाच हवं. त्याच संशोधकांचा हिशेब असा, की २७ किलोच्या कुत्र्याच्या केसांत अर्धा लिटर पाणी राहिलं आणि ते अंगच्या उष्णतेने वाळवायचं ठरलं, तर दिवसभराच्या अन्नातली पाचवा हिस्सा ऊर्जा त्यातच खर्च होईल. दोरीवरचा सदरा तीन दिवस वाळत नाही अशा गावात मला हा आकडा फार जवळचा वाटतो.

ढगू-जांभीची मस्ती हा स्वतंत्र विषय आहे. पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग उंचावणारं ते नमन प्रत्येक कुत्रेवाल्याने पाहिलेलं असतं. मार्क बेकॉफ या अभ्यासकाने १९९५ साली दाखवलं, की हे नमन वाटेल तेव्हा होत नाही. खेळात जोराचा चावा घेऊन मान झटकली, म्हणजे खऱ्या भांडणासारखं काही केलं, तर त्याच्या आधी किंवा लगेच नंतर ते जास्त वेळा येतं. ‘हे खेळातलं बरं का,’ असं जणू ते सांगतं. हे कळल्यापासून मी ढगूकडे नीट पाहतो. दुप्पट वजनाचा हा गडी स्वतःहून पाठीवर पडतो, जांभीला गळ्यावर चढू देतो, आणि तिने दात लावले की पुन्हा उठून तिला नमन करतो.

पण मला सगळ्यात जास्त वेळ खिळवून ठेवतं ते त्यांचं नाक.

आमचं घर टेबललँडच्या उताराला, कृष्णेच्या खोऱ्याकडे तोंड करून आहे. दुपारी पाऊस उघडला की दोघं दरीकडच्या कठड्याशी जाऊन उभी राहतात. डोळे अर्धवट मिटलेले, नाकपुड्या हलत्या. खाली धोम धरणाचं पाणी, पलीकडे वाईची घरं. सूर्यास्तानंतर मात्र जांभी पाठ फिरवते आणि वर, पठाराकडे नाक करून बसते. आम्हाला वाटायचं ही तिची लहर. मग एका पॅराग्लायडिंग करणाऱ्या पोराने सहज सांगितलं, ‘काका, दुपारी वारा खालून वर येतो, म्हणून तर आम्ही उडतो.’ उन्हाने उतार तापतो, त्याला लागलेली हवा हलकी होऊन दरीतून वर चढते. रात्री उतार गार पडतो, जड झालेली हवा पठारावरून खाली ओघळते. म्हणजे दिवसा खोऱ्याचा वास वर येतो आणि रात्री डोंगराचा खाली उतरतो. जांभी वाऱ्याचं वेळापत्रक पाळत होती.

नाकाच्या आत काय चालतं हे कळल्यावर तर मी काही दिवस तिच्याकडे नुसता बघत बसायचो. कुत्रा हुंगतो तेव्हा सेकंदाला पाचेक वेळा हवा आत ओढतो. बाहेर सोडलेली हवा समोरून न जाता नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून मागे जाते, त्यामुळे पुढचा ताजा वास उधळला जात नाही. पेन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली हा प्रवाह मोजला. आत घेतलेल्या हवेचा साधारण आठवा हिस्सा नाकाच्या मागच्या बाजूच्या एका खास कप्प्यात वळवला जातो. तो जणू फक्त वास वाचायला राखून ठेवलेला. आपल्या नाकात अशी राखीव जागा नाही. आपण एकाच हवेत श्वासही घेतो आणि वासही.

पावसाळ्यात यात भर पडते. ओलसर हवेत वास जमिनीलगत रेंगाळतो, असं माग काढणारे सांगतात. पायाखाली तर जांभा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा काळा कातळ ऊनपावसात कुजत कुजत लाल आणि सच्छिद्र झाला, तो हा. त्याच्या छिद्राछिद्रांत पाणी, शेवाळ, घोड्यांची लीद, शाळेच्या मुलांनी सांडलेला खाऊ, सगळं मुरतं. आमच्यासाठी टेबललँड म्हणजे मोकळं पठार. जांभी ते खड्ड्याखड्ड्याला थांबून वाचत जाते, आणि मी आता तिचा पट्टा ओढत नाही.

रात्रीच्या तिच्या गुरगुरण्याला आम्ही मान देतो. अंधार पडायच्या आत दोघं घरात असतात, कारण या डोंगरांत बिबट्या आहे. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. त्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला, ३९ टक्के. गेल्या पावसाळ्यात एका रात्री जांभी खिडकीशी ताठ उभी राहिली. आवाज नाही, हालचाल नाही, फक्त वरून उतरणारी गार हवा. ढगूही तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. बऱ्याच वेळाने दोघं एकदमच सैल पडली. बाहेर काय होतं ते मला कधीच कळलं नाही. सकाळी चिखलात पाऊल शोधलं, पण रात्रभराच्या पावसाने सगळं धुऊन नेलं होतं.

शेपटीबद्दल एवढंच. इटलीतल्या संशोधकांनी २००७ साली ३० कुत्र्यांवर पाहिलं, की मालक दिसला की शेपटी उजवीकडे जास्त झुकते आणि दांडगं अनोळखी कुत्रं दिसलं की डावीकडे. काल मी पसरणी घाट उतरून वाईला गेलो होतो. मंडईत फिरलो, घाटावर नदी पाहिली, एका मित्राच्या घरी चहा घेतला, त्याच्या मांजरीला कुरवाळलं. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा कुणीही माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. ढगू चपलांवर वाकला, जांभी डाव्या हाताच्या बोटांवर. भाजीच्या दांड्या, नदीचा गाळ, मांजर, चहाची साखर. दोघांनी सगळा दिवस सावकाश, एकही ओळ न गाळता वाचून काढला. मग जांभीने मान वर केली, आणि शेपटी उजवीकडे झुकली.