कळीचे स्थान आणि कळीचे अक्षर

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर, मारेगाव, झरी-जामणी, घाटंजी ह्या तालुक्यांत कोलाम समाजाची वस्ती आहे. त्यांची कोलामी ही द्राविड कुलातील भाषा होय. तिच्या वर्धा भागातील बोलीचे वर्णन मरे बी. एमेनो ह्यांनी १९५५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. तेलुगूप्रमाणेच कोलामीतही ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए, तसेच ऱ्हस्व ओ आणि दीर्घ ओ हे परस्परांहून स्वतंत्र वर्ण आहेत. मराठीत ए व ओ ह्यांच्या उच्चारात कमीअधिक लांबी येते खरी, परंतु तिच्यामुळे शब्दाचा अर्थ पालटत नाही. त्यामुळे मराठी लेखनाच्या सवयीने कोलामी टिपून घेणारा अभ्यासक हा भेद सहजच गमावून बसतो. तो राखावयाचा तर देवनागरीत ‘ॆ’ आणि ‘ॊ’ ही ऱ्हस्व चिन्हे उपलब्ध आहेत. प्रश्न एवढाच की, संगणकावर ती उमटवावयाची कोठून?

उत्तर वरवर पाहता सोपे आहे. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली पुरस्कारिलेली इन्स्क्रिप्ट ही मांडणी पुढे १९९१ च्या आय. एस. १३१९४ ह्या भारतीय मानकात समाविष्ट झाली. तीत स्वर डाव्या हाताकडे आणि व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. ऱ्हस्व एकार खालच्या ओळीतील डावीकडच्या पहिल्या अक्षरकळीवर, म्हणजे जिच्यावर रोमन ‘झेड’ कोरलेले असते तिच्यावर आहे. ऱ्हस्व ओकार अगदी वरच्या डाव्या कोपऱ्यात, एकच्या आकड्याच्या डावीकडे आहे. मराठी लिहिणारास ह्या कोपऱ्यातील कळीशी जन्मात काम पडत नाही. कोलामी लिहिणारास मात्र ती पदोपदी लागते, आणि नेमकी हीच कळ काही कळफलकांवर आपले स्थान सोडते. ते कसे, हे समजण्यासाठी थोडे खोलात जावे लागेल.

कळ दाबली असता यंत्रास अक्षर कळत नाही. कळफलकाच्या पोटात तारांच्या आडव्या व उभ्या ओळींचे जाळे असते. कळ दाबली की एक आडवी व एक उभी तार जुळते. कोणत्या दोन तारा जुळल्या ह्यावरून एक सांकेतिक क्रमांक सिद्ध होतो, आणि तो कार्यप्रणालीच्या गाभ्याकडे जातो. ह्या गाभ्यास कर्नेल म्हणतात. (सैन्यातील अधिकाऱ्याशी त्याचा संबंध नाही.) विशिष्ट उपकरणाची भाषा कर्नेलला समजावून देणारी आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर. काही लहान यंत्रांत जाळ्याचे हे वर्णन लिनक्सच्या ड्रायव्हरला उघड कोष्टकाच्या रूपाने द्यावे लागते. कोष्टकातील प्रत्येक नोंद ३२ बिटांची असून तीत ८ बिट आडव्या ओळीला, ८ उभ्या ओळीला आणि उरलेले १६ कळीच्या क्रमांकाला दिलेले असतात. एक अंक चुकला की एक कळ मुकी होते, किंवा दुसरीच्या नावाने बोलू लागते.

आता ह्या क्रमांकांची नावे पाहावीत. लिनक्समध्ये ३६ हा क्रमांक ‘की-जे’ ह्या नावाने नोंदलेला आहे. ह्या नावावरून पुष्कळांचा असा समज होतो की, कर्नेल ‘जे’ हे अक्षर पाठवितो. तसे मुळीच नाही. ३६ म्हणजे मधल्या ओळीतील एक ठरावीक जागा. इन्स्क्रिप्टमध्ये तिच्यावर ‘र’ येतो आणि शिफ्टसह ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ ह्या शब्दांतला ‘ऱ’ येतो. १६ ह्या क्रमांकाचे नाव ‘की-क्यू’, पण फ्रेंच मांडणीत ती कळ ‘ए’ हे अक्षर देते. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीतील ‘j’ हे चिन्ह इंग्रजी ‘जे’ नसून आपल्या ‘य’चा ध्वनी दर्शविते, तसाच हा प्रकार आहे. चिन्ह उसने, अर्थ स्वतंत्र. अमेरिकी कळफलकावरून ही नावे घेतली गेली, एवढाच त्यांचा इतिहास. माझ्या मते कळींना केवळ जागेवरून नावे दिली असती तर बराच घोटाळा टळला असता. पण रूढ झालेली नावे बदलणे भाषेत जितके अवघड, तितकेच येथेही अवघड आहे.

तेव्हा ड्रायव्हरची संहिता तपासणाराने पहिला प्रश्न हा विचारावयास हवा की, कोष्टकातील ही नोंद कळीचे स्थान सांगते की तिच्यावर कोरलेले अक्षर सांगते? कोरीव अक्षरावरून भरलेले कोष्टक इंग्रजी लिहिणारास निर्दोष भासेल. जो कळफलकाकडे न पाहता, कोरीव अक्षरांशी संबंध नसलेली लिपी केवळ बोटांच्या सवयीने लिहितो, त्यालाच दोष जाणवेल. आपल्याकडील टंकलेखक नेमके असेच लिहितात.

वर सांगितलेल्या कोपऱ्यातील कळीची हकीकत ह्याचे उत्तम उदाहरण आहे. कळफलकांच्या दोन घडणी विशेष प्रचलित आहेत. अमेरिकी घडणीत डाव्या शिफ्टला लागूनच ‘झेड’ची कळ असते, युरोपीय घडणीत त्या दोहोंच्या मध्ये आणखी एक कळ असते. लिनक्समध्ये कोपऱ्यातील कळ ४१ आणि ही जादा कळ ८६. यूएसबी मानकात ह्याच कळींचे क्रमांक अनुक्रमे ५३ आणि १०० असे आहेत. ॲपल कंपनीचे युरोपीय घडणीचे कळफलक मात्र हे दोन क्रमांक उलटे पाठवितात: कोपऱ्यातून १०० येतो आणि शिफ्टजवळून ५३. ड्रायव्हरने ते जसेच्या तसे स्वीकारले तर कोपऱ्यातील कळीवर ऱ्हस्व ओकाराऐवजी एक कोनाकृती चिन्ह उमटते, आणि खरा ओकार शिफ्टच्या शेजारी जाऊन बसतो.

लिनक्सच्या ॲपलविषयक ड्रायव्हरात म्हणूनच ही अदलाबदल सुलट करणारे दोन नोंदींचे एक छोटे कोष्टक आहे. पण ते केव्हा लागू करावयाचे? अमेरिकी घडणीस ते लावले तर असलेली सरळ व्यवस्था बिघडेल. येथे यूएसबी मानकातील ‘देश-क्रमांक’ उपयोगी पडतो. कळफलक आपली घडण एका अंकाने जाहीर करू शकतो: १३ म्हणजे आंतरराष्ट्रीय युरोपीय घडण, ३२ ब्रिटन, ३३ अमेरिका. यादी ३५ पर्यंत जाते. तीत तुर्कस्तानला दोन क्रमांक आहेत, आज अस्तित्वात नसलेल्या युगोस्लाव्हियालाही ३४ वा क्रमांक आहे. भारताला एकही नाही. ह्यात रुसण्याचे कारण नाही, कारण आपल्याकडे बहुधा अमेरिकी घडणच वापरात आहे आणि देवनागरी ही कळींची घडण नव्हे, तीवरील मांडणी आहे. तथापि देश आणि घडण ह्या दोन गोष्टी एकाच अंकात कोंबल्याने किती गोंधळ होतो, हे ह्या यादीवरून ध्यानात यावे.

शिवाय हा अंक भरणे निर्मात्यावर अवलंबून असते. पुष्कळ कळफलक शून्य पाठवितात, म्हणजे काहीच सांगत नाहीत. त्यामुळे ड्रायव्हर दोन अटी एकत्र पाहतो: उपकरण हा दोष असल्याचे ठाऊक असलेल्यांपैकी असावे, आणि त्याचा देश-क्रमांक १३ असावा. तेवढ्यानेही भागले नाही तर ‘आयएसओ-लेआउट’ नावाचा एक नियंत्रक अंक वापरणाराच्या हाती ठेवला आहे: उणे १ म्हणजे ड्रायव्हरने स्वतः ठरवावे, ० म्हणजे बदल करू नये, १ म्हणजे करावाच. परीक्षकाच्या दृष्टीने ह्या तीन किमतींतच सारी मेख आहे. ज्याने पूर्वी स्वतःच आपल्या यंत्रावर हा दोष सुधारून घेतला असेल, त्याच्याकडे ड्रायव्हरने पुन्हा सुधारणा केली की दोन उलट मिळून मूळचा दोष परत येतो. चालू असलेली व्यवस्था नव्या आवृत्तीने मोडू नये हा कर्नेलच्या परिवारातील कडक दंडक आहे, आणि बरोबर असलेला बदलही तेवढ्यासाठी अडून राहू शकतो.

आपल्या विद्यार्थ्यांपैकी जे कोलामीच्या नोंदीसाठी पांढरकवड्याकडे जातील, त्यांनी उसना कळफलक हाती आल्यास प्रथम ‘ईव्हीटेस्ट’ ही लहानशी आज्ञावली चालवून एकच्या डावीकडील कळ दाबून पाहावी. ४१ दिसल्यास सर्व ठीक आहे. ८६ दिसल्यास आणि कळफलक ॲपलचा असल्यास वर सांगितलेला अंक १ करावा, व मगच पहिला शब्द टिपावयास घ्यावा.