आवाज गेला? आधी तारा पाहा!

दिवाळीची साफसफाई आटोपते, दिवाणखाना लख्ख होतो आणि पहिल्या अभ्यंगस्नानाच्या पहाटे सनई लावावी म्हणून हात स्टिरिओकडे जातो. दिवा लागतो, पण आवाज येत नाही. किंवा येतो तो एकाच स्पीकरमधून. 'जुना झाला, आता टाकून द्या', असा निकाल घरातील तरुण मंडळी लगेच देऊन टाकतात. वडिलांनी हौसेने घेतलेला रिसीव्हर मग माळ्यावर जातो, नाही तर भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतो. वास्तविक अनेकदा तो धडधाकट असतो. फडक्याच्या धक्क्याने मागची एखादी तार सैल झालेली असते किंवा पुढचे एखादे बटण दाबले गेलेले असते, इतकेच.

रिसीव्हर म्हणजे एका पेटीत सामावलेली तीन उपकरणे. रेडिओ केंद्र पकडणारा ट्यूनर. सीडी प्लेअर, टीव्ही, टर्नटेबल यांपैकी कोणाचा आवाज ऐकायचा हे ठरवणारा खटका. आणि हा क्षीण संदेश स्पीकर हलवण्याइतका बलवान करणारा ॲम्प्लिफायर. उगमापासून स्पीकरपर्यंतची ही एक साखळीच असते. तिच्यातील तुटलेली कडी शोधण्याची रीत सोपी आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि फरक पडतो का, ते पाहायचे. चार तारा एकदम हलवल्या तर आवाज परत येईलही. पण दोष कोठे होता हे कळणार नाही आणि तो पुन्हा उद्भवेल. कोणत्याही तारेला हात लावण्यापूर्वी रिसीव्हर बंद करून प्लग काढावा, हा नियम मात्र प्रत्येक वेळी पाळायला हवा.

दिवा लागतो, पण आवाज नाही

प्रथम दुसरा स्रोत लावून पाहावा. रेडिओ ऐकू येत असेल आणि सीडी येत नसेल, तर ॲम्प्लिफायर व स्पीकर शाबूत आहेत. दोष प्लेअरमध्ये किंवा त्याच्या तारेत आहे. काहीच ऐकू येत नसेल तर पुढच्या पट्टीकडे वळावे. 'म्यूट' दाबलेले आहे का, 'स्पीकर ए' आणि 'स्पीकर बी' यांपैकी योग्य जोडी निवडली आहे का, हेडफोनची पिन आत राहिली आहे का, हे पाहावे. जुन्या रिसीव्हरवरील 'टेप मॉनिटर' हे बटण विशेष फसवे. ते दाबले की रिसीव्हर टेपरेकॉर्डरकडून येणाऱ्या आवाजाची वाट पाहतो. टेपरेकॉर्डर घरातून केव्हाच गेलेला असतो, त्यामुळे सगळेच स्रोत एकाएकी मुके होतात.

टीव्हीचा आवाज ऑप्टिकल तारेने रिसीव्हरला जोडला असेल, तर टीव्हीच्या ध्वनी-पर्यायांत 'पीसीएम' निवडावे. दोन स्पीकरच्या साध्या रिसीव्हरला डॉल्बीसारखा अनेक वाहिन्यांचा डिजिटल संदेश सहसा उलगडता येत नाही आणि तो गप्प राहतो. टर्नटेबलची गोष्ट आणखी वेगळी. त्याच्या सुईकडून येणारा संदेश अवघ्या काही मिलिव्होल्टचा, तर सीडी प्लेअरचा सुमारे २ व्होल्टचा. म्हणून टर्नटेबल 'फोनो' या खाचेतच जोडावे. अन्यत्र जोडल्यास आवाज अगदी बारीक आणि खर्जाविना येतो. उलट, सीडी प्लेअर 'फोनो'मध्ये जोडला तर कर्णकटू, फाटलेला आवाज ऐकावा लागतो. टर्नटेबलमध्येच 'फोनो' ॲम्प्लिफायर बसवलेला असेल, तर मात्र ते नेहमीच्या खाचेत जोडायचे असते.

एकच बाजू मुकी

'बॅलन्स'चा नॉब मध्यावर असल्याची खात्री झाली, की अदलाबदलीची युक्ती वापरावी. सीडी प्लेअरकडून आलेल्या डाव्या-उजव्या तारांची रिसीव्हरच्या मागे अदलाबदल करावी. शांतता दुसऱ्या बाजूला गेली, तर दोष प्लेअरमध्ये वा त्याच्या तारेत आहे. ती जागची हलली नाही, तर या तारा पूर्ववत करून स्पीकरच्या तारा रिसीव्हरकडील टोकाला डावी-उजवी बदलून लावाव्यात. एवढे करूनही तोच स्पीकर गप्प राहिला, तर स्पीकर किंवा त्याची तार दोषी. तो बोलू लागला आणि दुसरा गप्प झाला, तर मात्र रिसीव्हरच आजारी आहे.

दोन्ही स्पीकर वाजतात, पण तबल्याचा डग्गा हरवल्यासारखा वाटतो आणि गायकाचा आवाज मध्यभागी न येता विखुरतो, अशीही तक्रार असते. तेव्हा एका स्पीकरच्या लाल आणि काळ्या तारा उलट लागलेल्या असण्याचा संभव मोठा. एक स्पीकर बाहेर ढकलतो तेव्हा दुसरा आत ओढतो आणि खर्जाचे सूर परस्परांना मारतात. तारा सुलट्या केल्या की डग्गा परत येतो.

खरखर आणि घरघर

नॉब फिरवताना होणारी खरखर ही आतील घर्षणपट्टीवर साचलेल्या धुळीची आणि गंजाची खूण. कोकणपट्टीच्या दमट हवेत ती अधिक आढळते. रिसीव्हर बंद असताना नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवल्यास पुष्कळदा फरक पडतो. न पडल्यास विद्युत-संपर्क साफ करणारा खास फवारा कारागिराकडून मारून घ्यावा. शिलाई मशीनचे तेल मात्र टाळावे. त्यावर धूळ आणखी चिकटते.

घरघर निराळी. ती अखंड असते आणि बहुधा घरातील ५० हर्ट्झच्या वीजप्रवाहातून येते. एकेक तार काढत जावे. ज्या तारेसरशी घरघर थांबेल ती दोषी. केबल टीव्हीची तार हा यातील नेहमीचा संशयित. टर्नटेबलची बारीक अर्थ-तार सुटली तरीही असेच होते. घरघर थांबवण्यासाठी काही जण प्लगची तिसरी, जाड पिनच काढून टाकतात. आवाज थांबतोही, पण ती पिन जिवाच्या रक्षणासाठी आहे. आत गळती झाली तर पेटीच्या पत्र्यात वीज उतरू शकते आणि बोट लावणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

आपोआप बंद पडणे

काही मिनिटांत 'टक्' आवाज होऊन रिसीव्हर बंद पडत असेल, तर तो स्वतःचा बचाव करत असतो. स्पीकरच्या तारेचा एखादा सुटा केस शेजारच्या तारेला टेकणे हे त्याचे सर्वसाधारण कारण. दुसरे कारण अतिभाराचे. ८ ओहमच्या स्पीकरच्या दोन जोड्या समांतर जोडल्या, की रिसीव्हरवर ४ ओहमचा भार येतो. सर्वांनाच तो पेलत नाही. तिसरे कारण उष्णतेचे. शोकेसच्या बंद कप्प्यात किंवा वर भरतकामाचा रुमाल अंथरून ठेवलेला रिसीव्हर तापणारच. परीक्षा सोपी आहे. स्पीकरच्या सर्व तारा काढून तो सुरू करावा. चालू राहिला तर दोष बाहेर. तरीही बंद पडला तर दोष आत आणि काम कारागिराचे.

अमेरिकेतील मुलाने वा भावाने पाठवलेला रिसीव्हर मात्र लावण्याआधीच पाहावा. तो १२० व्होल्टचा असेल, तर आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर क्षणात जळतो. पुरेशा क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर त्याला हवाच.

झाकण मात्र उघडू नये. प्लग काढल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. मुंबईतील लॅमिंग्टन रोड, पुण्यातील बुधवार पेठ या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या जुन्या बाजारपेठा आहेत. कारागिराची चौकशी तेथून सुरू करता येते. त्याच्याकडे जाताना 'बिघडला आहे' एवढेच न सांगता कोणती बाजू, कोणता स्रोत, किती वेळाने, हे सांगावे. निदान लवकर होते आणि नको त्या भागांचा खर्च टळतो. शिवाय पुढच्या साफसफाईपूर्वी मागच्या तारांचे मोबाइलवर एक छायाचित्र काढून ठेवावे. पहाटेची सनई वेळेवर वाजेल.