दुसरी वाट (भाग 5) : राजीनाम्याआधी

मागच्या आठवड्यात सार्वजनिक न्यास, सोसायटी आणि कलम 8 ची कंपनी हे संस्थांचे तीन प्रकार पाहिले. आज ज्या माणसासाठी ही लेखमाला सुरू केली, त्याच्याकडे वळू. तो मीरा रोडला नाहीतर भाईंदरला राहतो, सकाळी चर्चगेटच्या गाडीत शिरून अंधेरीला किंवा लोअर परळला उतरतो. वय चाळिशीच्या आसपास, पगार बरा. पण गेली काही वर्षं मनात एकच घोळतंय : हे सोडून एखाद्या सामाजिक संस्थेत काम करावं. ही इच्छा मला फार मोलाची वाटते. घाईत तिचं मातेरं होऊ नये, एवढ्यासाठी आजचा भाग.

रिप्पन कपूर एअर इंडियात पर्सर होते. 1979 मध्ये सहा मित्रांना घेऊन, 50 रुपयांच्या भांडवलावर त्यांनी मुंबईत ‘क्राय’ ही मुलांसाठी काम करणारी संस्था सुरू केली, तेव्हा ते नोकरीतच होते. अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरचे इंजिनियर, पुण्यात टेल्कोत कामाला. 1978 मध्ये त्यांनी वर्षभराची रजा काढली आणि मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात दाखल झाले. सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून भूमितीचे आकार करायची त्यांची युक्ती त्याच काळातली. पुढे पुण्यात आयुकाच्या मुलांसाठीच्या विज्ञान केंद्रात त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं, 2018 मध्ये पद्मश्री मिळाली. दोघांच्याही बाबतीत काम आधी सुरू झालं. नोकरीचं काय करायचं, हा प्रश्न त्यानंतरचा.

आता घरचा हिशेब. 40 लाखांचं गृहकर्ज, साडेआठ टक्के व्याज, 20 वर्षांची मुदत असेल तर महिन्याचा हप्ता सुमारे 34,700 रुपये होतो. संस्थेचा पगार हातात घेण्याआधी हा आकडा कागदावर लिहावा आणि नवरा-बायकोने समोरासमोर बसून पाहावा. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी सलग पाच वर्षं भरावी लागतात. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 60,000 रुपये आणि नोकरी दहा वर्षांची असेल, तर ही रक्कम सुमारे 3 लाख 46 हजार होते. पाच वर्षांना चार-सहा महिने कमी असतील तर थांबा. भविष्यनिर्वाह निधी मोडू नका. नव्या संस्थेत पीएफ असेल तर खातं तिकडे वळवता येतं. मात्र वीसपेक्षा कमी माणसं असलेल्या संस्थेला पीएफचा कायदा सहसा लागू होत नाही, म्हणून आधीच विचारावं.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे आरोग्य विमा. कंपनीचा समूह विमा राजीनाम्याबरोबर संपतो, आणि त्यात अनेकदा आईवडीलही असतात. समूह विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय आहे, पण तिची चौकशी नोकरीत असतानाच करावी. नव्याने पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. मधुमेह असलेल्या सत्तरीच्या वडिलांसाठी ती तीन वर्षं फार मोठी आहेत.

पैशाचं जमलं तरी खरा बदल पुढेच आहे. कंपनीत ज्याला वस्तू मिळते तोच पैसे देतो. माल वाईट निघाला की गिऱ्हाईक दुसरीकडे जातं आणि कंपनीला ते लगेच कळतं. संस्थेत सेवा एकाला मिळते आणि पैसे दुसरा देतो. काशिमीऱ्याच्या पाड्यावरच्या मुलीला शिकवणी आवडली नाही तर ती गप्प बसते, तक्रार करत नाही. आणि देणगीदार तिला कधी भेटलेलाच नसतो. ही पोकळी भरण्यासाठी अहवाल, भेटी, ऑडिट असतात. कंपनीतून आलेला माणूस त्यांना कटकट समजतो आणि वर्षभरात वैतागतो. ज्याला त्या मुलीचं गप्प बसणं ऐकू येतं, तोच इथे टिकतो, असं माझं ठाम मत आहे.

संस्थांमध्ये पगार कमी का असतो, याचं उत्तरही पैशाच्या याच वाटेत आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीनंतर अशा देणगीतला जास्तीत जास्त 20 टक्के भाग प्रशासनावर खर्च करता येतो. आधी ही मर्यादा 50 टक्के होती. कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा, म्हणजे सीएसआरचा पैसा 1 एप्रिल 2014 पासून सुरू झाला. ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते. पण तो पैसा बहुधा प्रकल्पापुरता येतो. प्रकल्प संपला की पदही संपू शकतं. मुलाखतीत सरळ विचारा : माझा पगार कोणत्या निधीतून, आणि तो निधी कधीपर्यंत आहे?

सुरुवात कुठे करावी? लांब जायची गरज नाही. 2011 च्या जनगणनेतच मीरा-भाईंदरची लोकसंख्या आठ लाखांवर होती. महापालिकेच्या मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू माध्यमांच्या शाळा आहेत, भाईंदरच्या स्टीलच्या कारखान्यांत परप्रांतातून आलेले कामगार आहेत, उत्तन-चौकचे मच्छीमार आहेत. सहा महिने शनिवार द्या. आणि फोटो काढण्याचं काम मागू नका, हिशेबाचं मागा. लहान संस्थांना भाषण करणारे पुष्कळ मिळतात. व्हाउचर नीट लावणारा आणि देणगीच्या पावत्या वेळेवर देणारा माणूस मिळत नाही. तुमची पंधरा वर्षांची नोकरी तिथे सोन्याची ठरेल. शिकायचंच असेल तर देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था 1936 पासून आहे, आणि चर्चगेटजवळ निर्मला निकेतन. मीरा-भाईंदरमध्येच, उत्तनला, रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी संस्थांच्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देते.

शेवटी संस्थेची पारख. इथली संस्था नोंदणीकृत न्यास असेल तर तिची नोंद धर्मादाय आयुक्तालयाच्या ठाण्यातल्या कार्यालयात असते, वार्षिक हिशेब तिथे दाखल करावे लागतात, विश्वस्त बदलले की 90 दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. विश्वस्तांमध्ये वाद लागला की बँकेतल्या सह्या अडकू शकतात आणि त्यांच्याबरोबर पगारही. म्हणून तीन वर्षांचे ऑडिट अहवाल आणि विश्वस्तांची यादी मागून घ्या. नोकरी मागायला गेलेल्याने हिशेब कसा विचारायचा, असा संकोच बाळगू नका. कारभार स्वच्छ असेल ती संस्था कागद लगेच पुढे करते. जी टाळाटाळ करेल तिच्यासाठी राजीनामा देऊ नका.