तंबू धरणाच्या वर की खाली? नदी-तलावाकाठचा कॅम्प बुक करण्याआधी एवढं बघा

पावसाळा सरला की पवना, भंडारदरा, मुळशी, कोलाड ही नावं फॅमिली ग्रुपवर फिरू लागतात. जाहिरातीतला फोटो सगळीकडे सारखाच असतो: रांगेत तंबू, वर दिव्यांच्या माळा, मागे पाणी आणि खाली ठळक अक्षरांत ‘लेक टच’. फोन केल्यावर आपण काय विचारतो? नॉनव्हेज आहे का, बार्बेक्यू अनलिमिटेड आहे का, टॉयलेट वेस्टर्न आहे का. ज्या पाण्यासाठी एवढ्या लांब जायचं, त्याबद्दल मात्र एकही प्रश्न नसतो.

सोबत लहान मुलं किंवा आजी-आजोबा असतील तर पहिला प्रश्न हाच हवा: तंबू धरणाच्या वरच्या बाजूला आहे की खालच्या? उत्तरावर बाकी बऱ्याच गोष्टी ठरतात.

वर आणि खाली यात फरक काय?

पवनेचे बहुतेक कॅम्प तुंग, तिकोना, लोहगड या किल्ल्यांच्या परिसरात, धरणाच्या बॅकवॉटरला आहेत. म्हणजे भिंतीच्या वर. प्रवरेवरच्या १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या विल्सन धरणामागचा भंडारदऱ्याचा जलाशयही तसाच. इथे पाणी साठलेलं असतं, पातळी सहसा हळूहळू बदलते.

कोलाडचं गणित उलटं आहे. मुळशी धरणाचं पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजनिर्मिती केंद्रात येतं आणि वीज तयार झाल्यावर पुढे कुंडलिकेत सोडलं जातं. तिथलं प्रसिद्ध राफ्टिंग याच पाण्यावर चालतं. त्यामुळे आभाळात एकही ढग नसताना कुंडलिकेची पातळी वाढते, यात नवल काही नाही. मात्र हे ठाऊक नसलेला पाहुणा नदीतल्या दगडावर मुलांना बसवून फोटो काढत असेल, तर तोच धोका.

८ जून २०१४ ला हिमाचल प्रदेशातल्या मंडी जिल्ह्यात असंच घडलं. हैदराबादहून सहलीला आलेले इंजिनीअरिंगचे विद्यार्थी ब्यास नदीच्या पात्रात फोटो काढत होते. वरच्या लारजी जलविद्युत प्रकल्पातून पाणी सोडलं गेलं आणि २४ विद्यार्थी वाहून गेले. पाणी शांत दिसत होतं, म्हणूनच ते आत उतरले होते.

बातम्यांमध्ये येणारा ‘क्युसेक’ इथे समजून घेतलेला बरा. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला १ घनफूट, सुमारे २८.३ लिटर. ‘१ हजार क्युसेक विसर्ग’ ऐकायला किरकोळ वाटतो, पण त्याचा अर्थ १० हजार लिटरचे जवळपास तीन टँकर दर सेकंदाला. शिवाय पाण्याचा वेग दुप्पट झाला की अंगावर येणारा जोर चौपट होतो. (फ्लुइड मेकॅनिक्सचा पेपर कसाबसा काढलेल्यांनाही एवढं आठवत असेल.) गुडघाभर पाण्यात मोठा माणूस आडवा होतो तो यामुळेच.

नदीकाठी राहायचंच असेल तर कॅम्पवाल्याला थेट विचारा: पाणी कधी सोडतात, भोंगा इथपर्यंत ऐकू येतो का, आणि रात्री निरोप आला तर उठवणारा माणूस कोण? ‘काही होत नाही हो, आम्ही रोज इथेच असतो’ हे उत्तर पुरेसं समजू नका. पूररेषाही विचारा. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. तंबू निळ्या रेषेच्या आत असेल तर दुसरी जागा बघा.

मग बॅकवॉटर सुरक्षित?

बॅकवॉटरचा काठ म्हणजे समुद्रकिनारा नाही. किनाऱ्यावर तळ बहुधा हळूहळू खोल होत जातो. इथे पाण्याखाली जुनी गावं आहेत: शेतांचे बांध, विहिरी, भिंती. पवनेचं पाणी उन्हाळ्यात ओसरलं की वाघेश्वराचं मंदिर उघडं पडतं, ते पाहायला लोक मुद्दाम जातात. उरलेलं वर्ष ते पाण्यातच असतं. कंबरभर पाण्यात चालताना पुढचं पाऊल बांधावरून थेट खाली जाऊ शकतं. पाणी हिवाळ्यापासून मेपर्यंत खाली सरकत जातं, त्यामुळे गेल्या वेळी पाहिलेला काठ या वेळी नसतो. नव्याने उघडा पडलेला गाळ वरून सुकलेला आणि आत लिबलिबीत असतो, त्यात पाय रुततो.

म्हणून पोहणं नकोच. बोटीत बसणार असाल तर लाइफ जॅकेट मुलाच्या मापाचं आहे का, ते आधी बघा. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाला घातलं तर पाण्यात ते वर सरकतं आणि मूल खाली राहतं. मुलांच्या मापाचं नाही म्हणाले, तर बोट रद्द करा. मूल रडेल, रडू द्या.

बॅकवॉटरला येऊन मिळणारे ओढे हा वेगळा विषय. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यात लहान मुलं होती. वरच्या डोंगरात पाऊस पडला की काही मिनिटांत ओढा फुगतो. पावसाळ्यात अशा ठिकाणी जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश लागतात. बुकिंगआधी ते तपासा, कारण बंदी असतानाही ‘मान्सून कॅम्प’ची जाहिरात सुरू असते.

जागेवर पोहोचल्यावर

तंबू सखल खळग्यात नको. थंड हवा जड असते, रात्री ती तिथे साचते, दवही जास्त पडतं. काठापासून थोडी वरची, हलक्या उताराची जागा मागा. ‘लेक टच’साठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा ‘लेक व्ह्यू’ बरा, असं आमचं स्पष्ट मत. मुलं रात्री तंबूतून बाहेर आली तर तेवढं अंतर कामी येतं.

थंडी कितीही वाजली तरी कोळशाची शेगडी आत घेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत काही कळत नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे रिसॉर्टच्या खोलीत गॅस हीटर लावून झोपलेले केरळचे आठ पर्यटक दगावले. ती पक्की खोली होती. तंबू तर त्याहून लहान.

राज्याने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं, तेव्हापासून व्हॅन घेऊन जाण्याची चौकशी वाढते आहे. व्हॅन जड असते, गाळाच्या जमिनीवर चाक बसलं की ट्रॅक्टर बोलवावा लागतो. मुरूम टाकलेली जागा आणि विजेची जोडणी विचाराच, पण व्हॅनची सांडपाण्याची टाकी कुठे रिकामी करू देतात, हेही विचारा. पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवडला प्यायला जातं.

आता मोबाइलवर दहा मिनिटांचं काम. कॅम्पवाल्याकडून तंबूच्या जागेचं नेमकं लोकेशन मागवा, ऑफिसचं नको. सॅटेलाइट व्ह्यूमध्ये प्रवाहाच्या वरच्या दिशेला जात धरणाची भिंत कुठे आहे ते शोधा. मग गुगल अर्थमध्ये त्याच जागेचे जुन्या तारखांचे फोटो उघडा आणि धरण भरलेलं असताना पाणी कुठपर्यंत होतं ते बघा. तंबूची जागा त्यात निळी दिसत असेल तर तुमचं बुकिंग जलाशयाच्या पोटातलं आहे. निघताना वेळ असा धरा की अंधाराआधी पोहोचाल. काठ, ओढा आणि गाडीकडे परत जायची वाट उजेडात एकदा घरातल्या सगळ्यांना दाखवा. नेटवर्क येतं ती जागाही तेव्हाच शोधून ठेवा, ११२ ला फोन तिथूनच लागेल.