अंदमानची सहल आणि सूर्यास्ताचा हिशेब

घेणाऱ्याने वजन स्वतः पाहून घ्यावे, हा पेठेतील नियम प्रवासासही लागू आहे. २०२४ च्या डिसेंबरात आम्ही अनगोळहून सहकुटुंब अंदमानास गेलो. चेन्नईमार्गे विमानाने श्रीविजयपुरम (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) गाठले. तेथे स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या कोठडीपुढे मस्तक नमवून बोटीने स्वराज द्वीपावर उतरलो. समुद्रकाठचे निवासस्थान उत्तम होते; चुकला तो आमचाच हिशेब. रात्रिभोजन वर्ज्य म्हणून आम्ही सायंकाळी साडेपाचला भोजन सांगितले होते. सूर्य मात्र पाचच्या सुमारासच मावळला! त्या रात्री आम्हा उभयतांस निर्जळ उपवास घडला.

याचे कारण सोपे आहे. घड्याळ देशभर एकच. परंतु बेळगाव सुमारे ७४½ पूर्व रेखांशावर, तर हे द्वीप ९३ वर. अंशास चार मिनिटे धरता सव्वा तासाचे अंतर पडते. हिवाळ्यात तेथील सूर्यास्त आपल्याहून तासभर तरी आधी होतो.

म्हणून जाणाऱ्या बंधूंनी भोजनाची वेळ तेथील सूर्यास्त पाहून लेखी ठरवावी व कांदा, लसूण, कंदमुळे वर्ज्य असल्याचे आगाऊ कळवावे. मे ते नोव्हेंबर पावसाचे दिवस. तेव्हा चातुर्मासानंतर, जानेवारीच्या सुमारास निघणे सोयीचे. समुद्र खवळल्यास बोटी रद्द होतात. यास्तव परतीच्या विमानापूर्वी एक दिवस हाती राखावा.

दुसऱ्या दिवशी चार वाजताच भोजन उरकून आम्ही नातवंडांसह राधानगरच्या किनाऱ्यावर सूर्यास्त पाहिला. व्रतही राहिले, सहलही साधली.