नीरेच्या बेटांवरचा नदी सुरय
उन्हाळ्यात वीर धरणाचा फुगवटा ओसरला की आमच्या शिरवळकडे नीरेत मातीची बेटं उघडी पडतात. दुर्बीण घेऊन मी काठावर बसतो ते नदी सुरयासाठी: काळी टोपी, पिवळी चोच, दुभंगलेली शेपटी. घरट्याला हा पक्षी काडीही वापरत नाही. उघड्या जमिनीवरच्या उथळ खळग्यात दोन-तीन ठिपकेदार अंडी, मातीशी इतकी मिळतीजुळती की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. भटकी कुत्री, गुरं, वाळूउपसा, अचानक चढणारं पाणी यांनी भारतापासून आग्नेय आशियापर्यंत त्याची वीण उधळली. २०२०मध्ये तो जागतिक लाल यादीत 'असुरक्षित' ठरला. म्हणून कळकळीची विनंती: मार्च ते मे बेटांवर उतरू नका, गुरं सोडू नका, फोटो काठावरूनच काढा.